शिफारस चिकन राइसची, विस्मरण माणसांचे

१/३०
शनिवारची संध्याकाळ. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर आणि माझगाव येथून निघालेले चार मित्र अंधेरी स्थानकाच्या पूर्वेस भेटतात. एका सहाध्यायाने जवळच्या लहानशा चायनीज उपाहारगृहाची शिफारस केलेली असते : "तिथला चिकन राइस खाऊन पाहा, मग बोला." उपनगरांत असे दृश्य दर आठवड्याला कुठे ना कुठे दिसते. या साध्या शिफारशीमागे दोन शतकांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात एक न फिटलेले देणेही आहे. हा थ्रेड त्या देण्याविषयी.

२/३०
आधी प्रवास. घाटकोपरचा मित्र मेट्रोने येतो. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर हा मार्ग जून २०१४ मध्ये सुरू झाला. मुलुंडचा मित्र घाटकोपरला उतरून तीच मेट्रो धरतो. बोरिवलीकर पश्चिम रेल्वेने येतो. माझगावचा मित्र दुचाकीवर निघालेला असतो. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर दुचाकीला मज्जाव असल्यामुळे तो माहीमच्या जुन्या कॉजवेवरून खाडी ओलांडतो. आपली कथा त्या कॉजवेवरून सुरू होते.

३/३०
माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी पूर्वी होडीने ओलांडावी लागे. पावसाळ्यात होड्या उलटत, माणसे बुडत. १८४५ मध्ये येथे भराव घालून रस्ता झाला. त्यासाठी दीड लाखांहून अधिक रुपये दिले ते लेडी अवाबाई जमशेटजी यांनी, आणि अट घातली ती एकच : या रस्त्यावर कोणाकडूनही टोल घेऊ नये. मुंबई बेट आणि साष्टी यांना जोडणारा हा दुवा झाला नसता, तर उपनगरांची वाढ वेगळ्याच गतीने झाली असती.

४/३०
हा पैसा कोठून आला? अवाबाईंचे पती सर जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९) यांची संपत्ती मुख्यतः चीनच्या व्यापारातून उभी राहिली. मुंबईच्या बंदरातून कापूस आणि माळव्याची अफू कँटनला जाई. रुग्णालये, शाळा, धर्मशाळा आणि हा कॉजवे, हे सारे त्या व्यापाराचे मुंबईतील दृश्य रूप. चीनमधील असंख्य घरे ज्या अफूने उद्ध्वस्त केली, तिच्या नफ्याचा एक वाटा अंधेरीच्या वाटेवर पसरला आहे, हे दुचाकीस्वाराला कोणी सांगितलेले नसते.

५/३०
जहाजे माल घेऊन जात, तशी माणसे घेऊनही येत. चिनी खलाशी आणि कारागीर गोदीजवळच्या माझगाव भागात राहू लागले. पुढे शुक्लाजी स्ट्रीटच्या आसपासही चिनी वस्ती झाली. माझगावात १९१९ मध्ये 'सी यप कून' हे मंदिर उभे राहिले. सी यप म्हणजे ग्वांगडोंग प्रांतातील चार तालुक्यांचा मुलूख. तेथून आलेल्यांचे हे देवस्थान. निष्ठा आणि सचोटी यांचे दैवत मानलेला योद्धा ग्वान कुंग तेथे पूजिला जातो.

६/३०
मंदिर आजही आहे. चांद्रवर्षाच्या आरंभी तेथे दिवे लागतात, उरलीसुरली कुटुंबे येतात. माझगावात वाढलेल्या तरुणाने ती इमारत अनेकदा पाहिलेली असण्याची शक्यता आहे. आत काय आहे हे विचारलेले असण्याची शक्यता फार कमी. अंधेरीचे उपाहारगृह त्याला शिफारशीने कळते. घराजवळचे मंदिर मात्र कोणी शिफारस करीत नाही म्हणून कळत नाही.

७/३०
आता उपाहारगृह. दारावर लाल कंदील, फलकावर अजगर, देवनागरी अक्षरांनाही चिनी वळण देण्याचा प्रयत्न. यादीत चिकन फ्राइड राइस, चिकन शेजवान राइस, ट्रिपल राइस, मंचुरियन. प्रत्येकापुढे 'हाफ' आणि 'फुल' असे दोन दर. ताटली येते, वाफ निवते, आणि नुकताच आईवडिलांसह सिंगापूरची सहल करून आलेला बोरिवलीकर जाहीर करतो : "हा खरा चिकन राइस नव्हे. खरा आम्ही तिकडे खाल्ला." वादाला तोंड फुटते.

८/३०
त्याचे म्हणणे तपासून पाहू. सिंगापूरमध्ये ज्याला चिकन राइस म्हणतात तो हैनानी चिकन राइस. हैनान हे चीनच्या दक्षिण टोकाचे बेट. तेथील वनचांग भागातील कोंबडी प्रसिद्ध. हैनानी लोक सिंगापूरला इतर चिनी समूहांच्या मानाने उशिरा पोहोचले. तोवर व्यापार-उदीम होक्कियन, तिओच्यू, कँटनी यांनी वाटून घेतला होता. उरली ती कामे हैनानींच्या वाट्याला आली : इंग्रजांच्या घरी, हॉटेलांत आणि जहाजांवर स्वयंपाक व चाकरी.

९/३०
दुसऱ्या महायुद्धाने इंग्रजांच्या घरांतली ही कामे कमी केली. अनेक हैनानी आचाऱ्यांनी मिडल रोडच्या परिसरात स्वतःची दुकाने थाटली आणि गावाकडचा पदार्थ विकायला काढला. कोंबडी मंद आचेवर, उकळी फुटू न देता शिजवायची आणि लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवायची, म्हणजे कातडी तुकतुकीत राहते. तांदूळ कोंबडीच्या चरबीत आले-लसणाबरोबर परतून त्याच रश्श्यात शिजवायचा. एका कोंबडीतून मांस, भात आणि सूप असे तिन्ही निघते. गरिबीच्या काटकसरीतून आलेली ही पाककृती आहे.

१०/३०
यानंतर सिंगापूरने जे केले ते महत्त्वाचे. १९७० च्या दशकापासून रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना टप्प्याटप्प्याने नळ, गटार आणि छत असलेल्या केंद्रांत जागा देण्यात आली. त्यात सक्ती होती, विस्थापनही होते. तो निर्दोष आदर्श मुळीच नव्हे. परंतु फेरीवाल्याचे अन्न ही शहराची संपत्ती आहे, हे शासनाने मान्य केले. डिसेंबर २०२० मध्ये सिंगापूरच्या या फेरीवाला संस्कृतीचा समावेश युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाला.

११/३०
जून २०२२ मध्ये मलेशियाने कोंबड्यांची निर्यात थांबवली. सिंगापूरला लागणाऱ्या कोंबड्यांपैकी सुमारे एकतृतीयांश मलेशियातून येत. तेव्हा "आता चिकन राइसचे काय होणार?" ही बातमी जगभर गेली. नोकरचाकर म्हणून आलेल्यांचा पदार्थ शंभर वर्षांच्या आत राष्ट्राची खूण झाला होता. आणि सिंगापूरमध्ये या पदार्थाच्या नावात 'हैनानी' हा शब्द आजही टिकून आहे. पदार्थाबरोबर माणसांचे नाव उरले.

१२/३०
म्हणून बोरिवलीकर अर्धा बरोबर आहे. सिंगापूरचा चिकन राइस आणि अंधेरीचा चिकन राइस हे दोन निराळे पदार्थ आहेत. त्याचा 'खरा' हा शब्द मात्र चुकीचा. दोन्ही पदार्थ दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरून निघालेल्या माणसांनी परक्या बंदरात पोट भरण्यासाठी केलेल्या स्वयंपाकाची संतती आहेत. एक सिंगापुरात वाढला, दुसरा कोलकाता-मुंबईत. भावंडांपैकी एकालाच खरे म्हणणे योग्य नाही.

१३/३०
अंधेरीच्या ताटलीतला भात कसा होतो ते पाहा. शिजवलेला भात पसरून गार करून ठेवतात. ताज्या भाताचा लगदा होतो. गार झालेल्या भाताचा दाणा कडक, सुटा राहतो. मग मोठ्या जाळावर लोखंडी कढई तापवून त्यात लसूण, मिरची, कोबी, गाजर, अंडे, चिकनचे तुकडे आणि शेवटी भात. दोन-तीन मिनिटांत खेळ संपतो. उरलेल्या भाताला दुसऱ्या दिवशी नवे आयुष्य देण्याची ही युक्ती मराठी घराला परकी नाही. फोडणीचा भात याच विचारातून जन्मला आहे.

१४/३०
हे तंत्र मुंबईला एकाच वाटेने आले नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस वॉरन हेस्टिंग्जच्या काळात कोलकात्याजवळ चिनी वसाहत झाली. तिचे नाव आजच्या अचिपूर या गावात टिकून आहे. पुढे हक्का लोकांनी कोलकात्याच्या टँगरा भागात कातडी कमावण्याचे कारखाने काढले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते शहराबाहेर हलवण्याचा आदेश दिल्यावर तेथील ओळख चर्मोद्योगाकडून उपाहारगृहांकडे सरकली. भारतीय जिभेचे चायनीज मुख्यतः याच शहरात घडले.

१५/३०
मुंबईत कुलाब्याच्या बाजूला 'नानकिंग'सारखी चिनी कुटुंबांची उपाहारगृहे विसाव्या शतकाच्या मध्यापासून होती. १९७० च्या दशकात ताजमहाल हॉटेलच्या 'गोल्डन ड्रॅगन'ने सिच्वान प्रांताच्या तिखट पदार्थांची ओळख उच्चभ्रूंना करून दिली. त्याच सुमारास कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाक करीत होते. आले-लसूण-मिरचीच्या फोडणीत सोया सॉस आणि कॉर्नफ्लोर घालून आपण १९७५ मध्ये चिकन मंचुरियन केले, असे ते सांगत. मांचुरिया प्रदेशाशी या पदार्थाचा संबंध केवळ नावापुरता.

१६/३०
उपनगरांत हे अन्न उतरण्यास आणखी दोन कारणे घडली. पहिले कारण कोंबडी. पूर्वी मराठी घरात कोंबडी म्हणजे पाहुणा, सण किंवा गटारी. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे पुण्यात रुजलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजसारख्या उद्योगांनी ब्रॉयलर कोंबडी वर्षभर आणि तुलनेने स्वस्त मिळू लागेल अशी व्यवस्था उभी केली. हाफ प्लेटमध्ये चार तुकडे टाकणे परवडू लागले, तेव्हाच चिकन राइस हातगाडीवर आला.

१७/३०
दुसरे कारण उपनगरांची वाढ. १९५० आणि १९५७ मध्ये मुंबईची हद्द टप्प्याटप्प्याने वाढून दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. दूरवर नोकरी, उशिरा परतणे, लहान घरे, हातात थोडे पैसे असलेली तरुण पिढी. ताजमधले जेवण तिच्या आवाक्याबाहेर होते. स्थानकाबाहेरची चायनीजची गाडी आवाक्यात होती. १९९४ मध्ये 'मेनलँड चायना' या पुढे देशभर पसरलेल्या साखळीचा आरंभही अंधेरीच्या साकी नाक्याजवळ झाला.

१८/३०
घाटकोपरने या अन्नाला आपले वळण दिले. वल्लभ बाग गल्लीच्या खाऊगल्लीत शेजवान डोसा मिळतो, कांदा-लसूण नसलेले 'जैन चायनीज' मिळते. आपल्या मंडळींपैकी घाटकोपरच्या मित्राच्या घरी मांसाहार वर्ज्य आहे. अंधेरीचा चिकन राइस त्याला चवीपेक्षा मोकळीक म्हणून अधिक प्रिय आहे. घरात न चालणारे ताट मित्रांबरोबर बसून जेवण्याची जागा या दुकानांनी उपनगरातील दोन पिढ्यांना दिली. इतिहासात या गोष्टीची नोंद झाली पाहिजे.

१९/३०
'शेजवान' हा शब्दही पाहण्यासारखा. सिच्वानच्या स्वयंपाकाचा प्राण म्हणजे जीभ बधिर करणारे तेथील मिरे. मुंबईच्या शेजवानात ते सहसा नसतात. ती असते सुक्या लाल मिरचीची आणि लसणाची चटणी, आपल्या ठेच्याची जवळची नातेवाईक. गंमत अशी की सिच्वानच्या मिऱ्याच्याच कुळातले फळ कोकणात आहे. बांगड्याच्या आमटीत पडणारे तिरफळ ते हेच. सिच्वानचा स्वाद कोकणी घराच्या डब्यात होता. मुंबईने घेतले ते फक्त नाव.

२०/३०
पण म्हणून हा पदार्थ 'खोटा' ठरत नाही. मिरची आणि बटाटा दोन्ही अमेरिका खंडातून आले, पाव पोर्तुगीजांबरोबर रुजला, आणि वडापावाला मराठी म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही. त्याच न्यायाने उपनगरातला चिकन राइस हा मुंबईचा पदार्थ आहे. मात्र वारसा आपला म्हणायचा, तर त्याबरोबर येणारे देणेही आपलेच म्हणावे लागते. ते देणे १९६२ चे आहे.

२१/३०
महाराष्ट्रात १९६२ म्हटले की आठवते ते यशवंतराव चव्हाणांचे संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला जाणे आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचा अभिमान. तो अभिमान सार्थ आहे. त्याच हिवाळ्यात दुसरी एक गोष्ट घडली, तिची आठवण कोणी काढीत नाही. २० ऑक्टोबरला युद्ध पेटले, २१ नोव्हेंबरला थांबले. त्या काळात आणि त्यानंतरही सुमारे ३,००० चिनी वंशाच्या रहिवाशांना घरांतून उचलून राजस्थानातील देवली येथे स्थानबद्ध करण्यात आले.

२२/३०
हे वर्धा जिल्ह्यातले देवळी नव्हे. राजस्थानच्या देवलीत इंग्रजांचा जुना बंदिवास होता. १९४१ च्या सुमारास जयप्रकाश नारायण आणि श्रीपाद अमृत डांगे यांनाही तेथेच ठेवले होते. स्वतंत्र भारताने त्याच जागी आसाम, मेघालय, दार्जिलिंग येथील आचारी, सुतार, चांभार, चहामळ्यातले कामगार, त्यांच्या बायका, म्हातारे आईबाप आणि शाळकरी मुले आणून टाकली. आगगाडीचा प्रवास सुमारे आठवडाभराचा होता.

२३/३०
कायद्याचा आधार होता. आईवडील किंवा आजीआजोबा यांपैकी कोणी चिनी नागरिक असले, तरी माणूस संशयित ठरू शकत होता. अनेकांचा जन्म भारतात झाला होता. काहींना चिनी भाषा धड येतही नव्हती. शेवटचे बंदी १९६७ च्या सुमारास सुटले, म्हणजे महिनाभराच्या युद्धानंतर जवळजवळ पाच वर्षांनी. दोन हजारांवर लोकांना जहाजांनी चीनला पाठवण्यात आले. परतलेल्या कित्येकांची घरे आणि दुकाने तोवर लिलावात गेली होती.

२४/३०
देवलीत नेलेले बहुसंख्य लोक ईशान्य भारत आणि उत्तर बंगालमधले होते. पण संशयाची सावली इतर शहरांवरही पडली. चिनी वंशाच्या रहिवाशांना पोलिसांकडे नोंद करावी लागे, बाहेरगावी जाण्यास परवानगी घ्यावी लागे. मुंबईची आधीच लहान असलेली चिनी वस्ती पुढच्या दशकांत विरळ होत गेली. देशभरातून अनेक कुटुंबे कॅनडा-ऑस्ट्रेलियाकडे निघून गेली. आज टोरांटोच्या उपनगरांत 'हक्का चायनीज' नावाने जे तिखट चायनीज मिळते, ते याच स्थलांतरितांनी भारतातून नेले.

२५/३०
जॉय मा आणि मुंबईचे लेखक दिलीप डिसोझा यांनी २०२० मध्ये 'द देवलीवालाज' हे पुस्तक लिहिले. जॉय मा यांचा जन्मच देवलीच्या छावणीतला. आसामीत रीता चौधरी यांनी 'माकाम' ही कादंबरी याच विषयावर लिहिली. कॅनडात स्थायिक झालेल्या माजी बंदींनी संघटना स्थापन करून भारत सरकारने दिलगिरी व्यक्त करावी, अशी मागणी केली. मागणी पैशांसाठी मुख्यतः नाही. आपण हेर नव्हतो एवढे देशाने म्हणावे, ही ती मागणी.

२६/३०
आक्षेप येईल : युद्धकाळात असे होतेच. होते, हे खरे. अमेरिकेने १९४२ पासून एक लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत ठेवले. परंतु १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक बंदीस २०,००० डॉलर दिले. युद्धात राष्ट्राकडून चूक होऊ शकते. शांततेच्या साठ वर्षांत ती चूक मान्य न करणे, याला युद्धाची सबब पुरत नाही. सैनिकांचे शौर्य आणि स्थानबद्धांचा अन्याय या दोन्ही गोष्टी एकाच वेळी स्मरणात ठेवता येतात.

२७/३०
आठवणीचे दुसरे टोक सोलापुरात आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस चिनी जखमींची सेवा करीत ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच मरण पावले. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट केला. चीनच्या श्र-च्या-च्वांग शहरात त्यांचा पुतळा आणि स्मारक आहे. १९६२ च्या युद्धानंतरही चीनमधली त्यांची आठवण पुसली गेली नाही. एका मराठी डॉक्टराला चीनने जे दिले, ते मुंबईत शंभर-दीडशे वर्षे राबलेल्या चिनी माणसाला मुंबईने दिलेले नाही.

२८/३०
हा प्रश्न जुना झालेला नाही. जून २०२० मध्ये गलवानच्या संघर्षानंतर महाराष्ट्रातील एका केंद्रीय मंत्र्यांनी, रामदास आठवले यांनी, चायनीज पदार्थांवर बहिष्काराचे आवाहन केले. त्याचा फटका बसला असता तो बीजिंगला नव्हे. कढई हलवणाऱ्या नेपाळच्या, दार्जिलिंगच्या, उत्तर प्रदेशच्या आणि कोकणातल्या पोरांना बसला असता. ईशान्येकडच्या तरुणाला रस्त्यात 'ए चिनी' म्हणून हाक मारणारी जीभ आणि देवलीची गाडी भरणारी नजर यांच्यात अंतर आहे, पण ते फार मोठे नाही. दोन्हीकडे चेहरा पाहून माणसाचा देश ठरवला जातो.

२९/३०
पदार्थाची किंमत मात्र सर्वांना कळते. 'शेजवान चटणी'साठी ओळखली जाणारी मुंबईची कॅपिटल फूड्स ही कंपनी २०२४ मध्ये टाटा समूहाने ५,१०० कोटी रुपयांच्या मूल्यांकनाने घेतली. त्यात वावगे काही नाही. पण ज्या चवीला एवढे मोल आले, ती आणणाऱ्यांसाठी मुंबईत एक माहितीफलकसुद्धा सहजी सापडत नाही. देवलीविषयी सरकारने दोन शब्द बोलावेत. माझगावच्या मंदिराचा इतिहास पालिकेने तेथे लिहून लावावा. आणि उपनगरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी चायनीजच्या गाड्यांच्या पहिल्या पिढीच्या मुलाखती, ती माणसे आहेत तोवर, नोंदवून ठेवाव्यात. यांपैकी एकाही कामास फारसा खर्च नाही.

३०/३०
अंधेरीच्या त्या टेबलावर ताटल्या रिकाम्या होतात, बिलाचे चार भाग होतात. चिकन राइस शिफारशीप्रमाणे चांगला निघतो. सोमवारी तो आणखी चौघांना सुचवला जाईल. शिफारस करणे ही सुंदर गोष्ट आहे : आपल्याला मिळालेले सुख दुसऱ्याच्या हाती देणे. तरुण इतिहासप्रेमींनी एवढेच करावे, की पुढच्या वेळी दुकानाच्या पत्त्याबरोबर १९१९ आणि १९६२ ही दोन सालेही सांगावीत. आणि माझगावच्या मित्राने उरलेल्या तिघांना एकदा आपल्या घराजवळच्या त्या जुन्या इमारतीचा जिना चढवून न्यावे.